पहिली भाजी डोंगराची

माझ्या नाकावर राग असतो हे मला कोणी नव्याने सांगायला नको. नालासोपाऱ्यात मी पुष्कळ वर्षं मराठी टायपिंगचा क्लास चालवला. तळमजल्यावरची एक खोली, आठ मशीन आणि सकाळपासून नुसता खडखडाट. सरकारी परीक्षेला बसणाऱ्या मुली यायच्या, आणि त्या माझ्या पाठीमागे मला काय म्हणायच्या तेही मला ठाऊक आहे. एखादीने शेजारणीचं बघून पत्र मांडलेलं दिसलं की मी तिच्या मशीनमधून कागद ओढून काढायचे आणि तिच्यादेखत फाडायचे. ‘स्वतःचं लिही, चुकलं तरी चालेल,’ हे माझं रोजचं वाक्य. क्लासच्या जोडीला मी लोकांचे अर्जही करून द्यायचे, नुसते टाइप करून नव्हे, मजकुरासकट. रेशनकार्ड, नळजोडणी, शाळेचा दाखला, काय वाटेल ते. माझ्या अर्जांचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आमचे हे अगदी उलटे. आवाज चढवणं माहीत नाही. आठवडाभर मुंबईची नोकरी करायची आणि रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून डोंगरात जायचं. लग्न ठरलं तेव्हा मुलाला कसलं व्यसन नाही म्हणून माझ्या माहेरची माणसं खूश होती. त्यांना बिचाऱ्यांना कुठे ठाऊक, की पाखरांचं आहे. पहिली दोन-तीन वर्षं मी गेलेच नाही त्यांच्याबरोबर. रविवारी सकाळी एकच दिवस झोपायला मिळतो, तो मी झाडं बघण्यात घालवू? मग एकदा भांडून, म्हणजे मी भांडून, बघू तरी तिथे काय ठेवलंय म्हणून गेले.

डोंगर आमच्याकडे एकच. गच्चीवर गेलं की पूर्वेला दिसतो तो. त्याला अभयारण्य म्हणून जाहीर करून फार दिवस झाले नव्हते. कामणच्या रस्त्याला उतरायचं, गोदामं मागे टाकायची, मग पाऊण तास शेतांच्या बांधांवरून चालत गेलं की पायथ्याचा पाडा लागतो. वन खात्याची ‘निसर्ग पर्यटन’ लिहिलेली पाटी तिथे रोवलेली होती आणि पाटीच्या अलीकडे शेवटचं घर एका म्हाताऱ्या बाईंचं, त्यांना सगळे मावशी म्हणायचे. कुडाच्या भिंती, पुढे सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला बारमाही ओहोळ. डोंगरात फिरायला येणारी मंडळी सकाळी जाताना मावशींना सांगून जायची आणि दुपारी उतरल्यावर तिथेच जेवायची. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, पावसाळ्यात रानातली एखादी भाजी. त्यांच्या घरात चूल पेटायची ती बरीचशी ह्या रविवारच्या पाहुण्यांवर.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊस सुरू होऊन आठवडा झाला असेल. मावशींच्या अंगणाच्या कडेलाच फोडशीचे हिरवेगार तुरे उभे होते. मी कोकणातली, माझा त्या भाजीवर जीव. म्हटलं, मावशी, आज फोडशी करा. तर म्हणाल्या, “नाय बाय, अजून डोंगराला दिली नाय.”

मला काही कळेना. ह्यांनी समजावलं. पावसाळ्यातली पहिली रानभाजी शिजवायची, पानावर घेऊन सोंडेच्या पायथ्याशी शेंदूर लावलेला एक दगड आहे तिथे ठेवायची, म्हणजे डोंगराला द्यायची, आणि मगच घरातल्या माणसांनी खायची. सोंड म्हणजे डोंगराचा जो एक हात पाड्याच्या मागून खाली उतरतो तो. त्यालाही ठरलेला दिवस असतो, पाड्यातली जाणती माणसं तो ठरवतात. तोपर्यंत भाजी दारात वाढून वाळली तरी हात लावायचा नाही. पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. मी येताना रस्ताभर कुरकुर केली. भाजी समोर उभी, चूल पेटलेली, माणूस भुकेलेला, आणि म्हणे डोंगराचं व्हायचंय अजून.

पुढच्या रविवारी मात्र मी ह्यांच्या आधी उठून तयार होते. मावशींनी मला बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, “ये, झाली डोंगराची. आता तू खा.” कांदा, मिरची, मूठभर चणाडाळ आणि फोडशी. आई गेल्यापासून तशी भाजी मी खाल्ली नव्हती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मावशी प्रत्येक भाकरीला माझ्याकडे बघत बसल्या होत्या. त्या दिवसापासून मी मावशींची झाले. एरवी कोणी मला ‘बाय’ म्हटलं तर मी म्हटलं असतं, बाई म्हणा. त्यांना कधी म्हटलं नाही.

मावशींचा मुलगा तिशीचा. दिवसभर कामावर असायचा, त्यामुळे आमची भेट क्वचित. कामणच्या बाजूला डोंगराच्या हद्दीबाहेर दगडाच्या खाणी, क्वाऱ्या म्हणतात त्या, आहेत, त्यातल्या एका क्वारीत तो ड्रिल मारायला होता, म्हणजे सुरुंगासाठी खडकात भोकं पाडायला. गडी अबोल. आला की ओहोळावर हात-पाय धुवायचा, आम्हाला मान हलवायचा आणि आत जायचा. बायको वारली होती, मूल नव्हतं. मायलेक दोघंच.

हे असं चार-पाच वर्षं चाललं. मग एका वर्षी पाऊस लागला, मी तोंडाला पाणी सुटून मावशींकडे गेले, आणि पानात नुसती भाकरी आणि बोंबील. म्हटलं नसेल झाला दिवस. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी शेजारच्या घरातून फोडणीचा वास येत होता आणि मावशींच्या पानात पुन्हा बोंबील. परतताना मी ह्यांना म्हटलंसुद्धा, मावशींना आपला कंटाळा आलाय, भाजी निवडायचाही आळस करतात.

त्याच सुमाराला ती नोटीस आली. पेपरात आतल्या पानावर, हरवले-सापडलेच्या शेजारी, मुंगीच्या अक्षरात. हे पेपर कधी वरून खालपर्यंत वाचत नाहीत, त्या दिवशी नेमका वाचला. स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले आणि मला वाचून दाखवलं. डोंगराची सोंड अभयारण्यातून वगळण्याचा आणि तिथे दगडखाणीला परवानगी देण्याचा प्रस्ताव होता. कोणाला हरकत असेल तर महिन्याच्या आत लेखी कळवावी.

“म्हणजे मावशींच्या घरामागे सुरुंग लावणार?” मी विचारलं.

“घरामागे, ओहोळावर आणि आपल्या वाटेवर,” हे म्हणाले. “मग रविवारी तिथे कोण जाईल?”

मला इतका संताप आला की आमटी करपली. पण त्याच्याखाली, आता कबूल करते, थोडा आनंदही होता. लेखी हरकत म्हणजे अर्ज. आणि अर्जात माझा हात धरणारा तालुक्यात कोण होता?

मी रात्रीचं जेवण आटोपण्याआधी मसुदा तयार केला. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आम्ही खाली सही करणार आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो की’, इथून जी सुरुवात केली ती दीड पानावर थांबले. जैवविविधता घातली, पर्यटन घातलं, भावी पिढ्या घातल्या. समास बघत राहावेत असे. त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि आम्ही दोघं महिनाभर दारोदार फिरलो. आमच्या आणि आजूबाजूच्या बिल्डिंगा, डोंगरात येणारी मंडळी, ह्यांच्या ओळखीने वटारच्या वाड्या, पाचूबंदरचे कोळी, आणि अर्थात पाडा. लोक वाचायचे नाहीत, माझ्याकडे बघून सही करायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा. थप्पी वाढत गेली तशी मी फुगत गेले.

मावशींनी अंगठा दिला नाही. कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि परत दिला. “मागून देते बाय,” म्हणाल्या. दोन वेळा असं झालं. मला वाटलं घाबरल्या असतील सरकारी कागदाला.

हरकती घ्यायला जे साहेब बसले होते ते वयस्कर होते, निवृत्तीला आलेले असावेत. मी थप्पी टेबलावर ठेवली. त्यांनी पहिला कागद नीट वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “मसुदा कोणाचा?”

“माझा,” मी म्हटलं.

“सुंदर आहे.” मग त्यांनी थप्पीतले मधले चार-पाच कागद उपसून बघितले. “पण बाई, ही हरकत एकच झाली. सह्या पुष्कळ आहेत, हरकत एक. मी वर पाठवताना एक म्हणूनच पाठवणार.”

मी भांडायला सुरुवात केली. त्यांनी मला बोलू दिलं. मग हळू आवाजात म्हणाले, “ह्यात तुम्ही बोलताय. ही माणसं कुठे बोलतायत? प्रत्येकाचं आपापलं आणा. मुदत दहा दिवस वाढलीय, लोकांनीच मागितली होती.”

बाहेर आल्यावर मला रडू फुटलं, रागाचं. ह्यांनी मला उसाच्या रसाच्या गाडीवर नेऊन बसवलं आणि ग्लास हातात दिला. मग म्हणाले, “तू पोरींचे कागद फाडतेस ना? आज तुझा फाटला.” दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर ग्लास त्याच्या अंगावर गेला असता. ह्यांनी म्हटलं म्हणून प्यायले.

मग दहा दिवस क्लास दुपारनंतर बंद. माझं सगळ्यात हलकं मशीन, तरी चांगलं जड, एका गोणपाटात बांधलं आणि ह्यांच्या खांद्यावर दिलं. ह्यांनी रजा टाकली होती. आम्ही त्याच लोकांकडे पुन्हा गेलो. मी म्हणायचे, मी काही सुचवणार नाही, तुम्ही सांगा, तुम्हाला हरकत काय आहे? आणि मग बोटं मशीनवर ठेवून गप्प बसायचे. गप्प बसणं मला किती जड जातं ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

पाचूबंदरला एक म्हातारे तांडेल होते, होडी चालवत आयुष्य गेलेले. मासळी सुकत घातलेल्या बांबूंशेजारी मी मशीन मांडलं. ते म्हणाले, “लिव. सोंड नी आमच्या देवलाचा कलस एका रेगेत आला का होडी आत घ्यायची. माज्या बापाने ही खून दाखवली. सोंड कापली तर पोरांनी दर्यातून घर कसं शोधायचं?” मी दीड पानात भावी पिढ्या घातल्या होत्या, आणि ही खूण मला माहीतच नव्हती. वटारला एका वाडीत केळीखाली खुर्ची टाकून बसलेले एक ख्रिस्ती आजोबा म्हणाले, “मी नि माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा दोघंच म्हणून गेलो ती त्या डोंगरात. ती देवाघरी गेली. तिच्या दिवशी मी चर्चमध्ये मिस्साला जातो आणि मग तिथे जातो. मला जायला आणखी कुठे जागा नाही.” मी ते तसंच टाइप केलं. ‘महोदय’ घालायलाही हात धजला नाही. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका बाईने तर नुसतं एवढंच सांगितलं, की माझा नवरा रविवारी तिथे गेला की घरी हसत येतो. ते पण टाइप केलं.

मावशी मात्र अजून ‘मागून देते’वरच होत्या. आणि त्यांचं घर सोंडेला सगळ्यात जवळचं. त्यांचीच हरकत नाही तर बाकीच्यांची काय किंमत राहणार? मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा मी संध्याकाळी त्यांच्या अंगणात जाऊन बसले, मशीन मांडलं आणि म्हटलं, “बोला.”

त्या तांदूळ पाखडत होत्या. पाखडतच राहिल्या.

माझा ताबा सुटला. “आम्ही कोण कुठले लोक तुमच्यासाठी गावभर वणवण फिरतोय,” मी म्हटलं. “तुमच्या डोक्यावर दगड पडणार आहेत आणि तुम्हाला तोंड उघडवत नाही? तुमचंच घर वाचवायला चाललोय ना?” आणखीही बोलले. सगळं लिहीत नाही, लाज वाटते. ह्यांनी दोनदा माझ्या खांद्यावर हात ठेवला तो मी झटकला. मावशींनी सूप खाली ठेवलं, पदराने डोळे पुसले आणि आत गेल्या.

मुलगा तेव्हाच कामावरून आला होता. पावसात क्वारीचं काम कमी होतं, बंद नव्हतं. कपाळापासून पायापर्यंत राखाडी चिखल. त्याने सगळं ऐकलं असणार. ओहोळावर जाऊन सावकाश धुऊन आला, आमच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “बाई, माझ्या आयला रागवू नका. ती माझ्यापायी बोलत नाय. नव्या क्वारीत मला मुकादम करनार हायेत. पावसाआधीच घरी येऊन सांगून गेलेत.”

मी मशीनवरची बोटं काढून घेतली.

“ड्रिल मारून छाती भरली माझी,” तो म्हणाला. “मुकादमाला मशीन धरायला लागत नाय. आयला तेवढंच पाहिजे, माझा खोकला जावा.” मग जराही न चिडता त्याने विचारलं, “बाई, तुमची बिल्डिंग कशाची हाय?”

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. कामणची खडी. नालासोपाऱ्यात दुसरी येते कुठून? दिवसभर डंपर जायचे ते आमच्यासाठीच तर जायचे. आम्ही मशीन बांधलं आणि निघालो. मावशी बाहेर आल्या नाहीत. घरी आल्यावर मी पलंगावर पडून वरच्या स्लॅबकडे बघत राहिले. ह्यांनी विचारलं, जेवणार का, मी नको म्हटलं. मला मावशींची आठवण येत होती आणि त्या चार कोसांवर जिवंत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींची बॅच चालू असताना तो क्लासच्या दारात आला. धुतलेला सदरा, ओले केस. मुलींच्या बाकावर टोकाला बसला आणि बॅच सुटेपर्यंत हात गुडघ्यांवर ठेवून तसाच राहिला. मुली गेल्यावर म्हणाला, “हरकत लिहायची हाय.”

“मावशींची?”

“आयची पन. आधी माझी.”

मी कागद चढवला. तो एका लयीत सांगत गेला, मी मारत गेले. मी क्वारीवर ड्रिल मारतो. सुरुंगाचं भोक किती खोल जातं मला माहीत हाय. दगड किती लांब उडतो तेपन माहीत हाय, कारन मी लपतो कुठे ते मला ठरवायला लागतं. नकाशात दाखवलंय का जवळ घर नाय, पन आमचं घर हाय, लोक चालतात ती वाट हाय. आमच्या क्वारीखाली एक झरा होता. आम्ही वर भोकं पाडली नी तो खालून सुकला. त्या झऱ्याचं पानी मी घालवलं, माझ्या हाताने. सोंडेत ड्रिल लागलं तर आमचा ओहोळ तसाच जाईल. मग डोंगरात येनारे लोक येनार नाय नी प्राणीपन पानी प्यायला उतरनार नाय.

“आता माझं नाव घाला,” तो म्हणाला. “नी मी कुठे काम करतो तेपन घाला.”

माझी बोटं थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला अर्ज करू नकोस म्हणून समजावलं. म्हटलं, नाव आलं की दुसऱ्या दिवशी नोकरी जाईल, मुकादमकी तर विसराच. खोकल्याला औषध कुठून आणाल? हवं तर मी हे सगळं दुसऱ्या कोणाच्या नावावर घालते, नाहीतर मोघम लिहिते.

“मोघम लिहिलं तर ते तुमचं झालं ना बाई,” तो म्हणाला. “मला कोनी विचारलं, तुला कसं ठाव, तर मी ड्रिलवाला हाय म्हनून ठाव.”

“यंदा आयने डोंगराला भाजी दिली नाय,” तो पुढे म्हणाला. “पोराची भाकरी डोंगराला फोडूनच यायची, तर कुठल्या तोंडाने देऊ म्हनते. नी दिली नाय म्हनून खात नाय. पाऊस लागल्यापासून मीठ-भाकरी नाय तर बोंबील. सगळा पाडा भाजी खातो, दारात वाढली हाय, नी ती हात लावत नाय. मी म्हटलं खा, तर म्हनते मला आवडत नाय आता.”

मला ते रविवार आठवले. शेजारचा फोडणीचा वास आणि मी मावशींना आळशी म्हटलेलं. मी तोंड फिरवून रिबन नीट करायला लागले, रिबन नीटच होती.

“आयचं काय लिहू?” मी विचारलं.

“एवढंच सांगितलंय तिने.” आणि त्याने सांगितलं, मी टाइप केलं. ‘मी दर वरसाला पहिली भाजी ह्या डोंगराला देते नी मग खाते. डोंगर नसला तर मी कोनाला देऊ नी कशी खाऊ.’ खाली अंगठा. कोरा कागद त्याने घरूनच आणला होता, आईचा अंगठा आधीच उठवलेला. मी वाक्य अंगठ्याच्या वर नीट मापात बसवलं. इतकं लक्ष देऊन मी कधी काही टाइप केलं नसेल.

शेवटच्या दिवशी साहेबांसमोर तो स्वतः उभा राहिला. साहेबांनी त्याचा कागद दोनदा वाचला, नकाशा पसरला आणि म्हणाले, दाखव. त्याने खिशातला रुमाल काढून बोट पुसलं आणि नकाशावर ठेवलं. इथे आमचं घर, इथे ओहोळाचं तोंड, दगड इथपर्यंत येईल. साहेबांनी पेन्सिलीने खुणा केल्या. मग मावशींचा कागद त्यांनी हातात घेतला, वाचला आणि बाकीच्या थप्पीत न ठेवता त्याच्या कागदाला टाचणीने जोडला.

त्याला दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं. निरोप आला, येऊ नको. निकालाला तर अजून कित्येक महिने होते. काय होणार कोणाला माहीत नव्हतं.

रविवारी आम्ही गेलो. मी वाटेत ठरवलं होतं, पाया पडायचं आणि माफी मागायची. अंगणात पोचलो तर मावशी पानावर भाजी घेऊन निघाल्याच होत्या. अर्धा पावसाळा उलटला होता, फोडशी केव्हाच निबर झाली होती, ती भाजी कसली, नुसते दोर. तरी त्यांनी शिजवली होती. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी शेंदराच्या दगडापुढे पान ठेवलं, हात जोडले आणि काहीतरी पुटपुटल्या. मुलगा मागे उभा होता आणि खोकत होता. घरी येऊन त्यांनी पहिला घास त्याला दिला, दुसरा मला. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, “आधी चाव. निबर हाय.” मी चावत राहिले आणि रडत राहिले, आणि हे बिचारे पाखरं बघायला म्हणून बाहेर गेले.

थंडीत निकाल आला. सोंड अभयारण्यातच राहिली. मी धावत सांगायला गेले तर मावशी म्हणाल्या, “बरं झालं. जेवून जा.” मुलगा घरी नव्हता, वटारला वाडीत रोजावर खणायला गेला होता. पुढे वन खात्याने पायथ्याशी वाटाडे नेमायला सुरुवात केली तेव्हा तो त्यात लागला. पण ते पुढे. मधली दीड वर्षं त्यांनी कशी काढली ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्ही तांदूळ नेले की मावशी त्याच तांदळाच्या भाकऱ्या करून आम्हालाच वाढायच्या. खोकला त्याचा तसाच राहिला.

निकालानंतरच्या पावसाळ्यात नालासोपारा स्टेशनबाहेर एका बाईकडे फोडशी दिसली. पाड्यावर डोंगराची भाजी झाल्याचा निरोप आदल्या रविवारी मिळाला होता, म्हणजे खायला हरकत नव्हती. आणली, निवडली, शिजवली. ताटात घेतली आणि घास उचलवेना. मग उठले, एका पानावर चमचाभर भाजी घेतली, तीन मजले उतरून पार्किंगमध्ये गेले. कोपऱ्यातल्या एका खांबाचं प्लास्टर उडालं होतं आणि आतली काळी खडी दिसत होती. तिथे खाली पान ठेवलं आणि हात जोडले.

वॉचमन बघत होता. म्हणाला, “मॅडम, इथे ठेवलंत तर मांजर खाईल.”

म्हटलं, खाऊ दे. आणि वर जाऊन जेवले.